हलुआचे दहा दिवस

पहाटेपासून पावसाची भुरभुर होती, आणि माझ्या ओट्यावर तो बसला होता.

तो म्हणजे बोका. पिवळाजर्द, गुबगुबीत, एक कान फाटलेला. मी दारातच थिजले. एका हातात वितुंबुआसाठी, म्हणजे तांदळाच्या गोड आप्प्यांसाठी, भिजवलेल्या पिठाचं पातेलं, दुसऱ्यात तेलाची किटली. चूल ओट्यावर, गिऱ्हाइकं यायची वेळ झालेली, आणि हा शेपटी पायांभोवती गुंडाळून बरोब्बर चुलीशेजारी.

"हूश," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"असं म्हणाल तर त्याला अंगाई वाटेल," कुणीतरी म्हणालं.

समोरच्या वळचणीखाली एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर करवत, केसांत लाकडाचा भुसा, आणि अंगाला मुशीच्या तेलाचा वास... गलबतांना चोपडतात ना, त्याचा.

"जरा... हलवता का त्याला?"

"मी? आमची तर आजच ओळख झाली."

"मग माझीही नाही."

"त्याला तसं वाटत नाहीये," तो हसला. मग त्याने करवत खाली ठेवली, बोक्याला काखेत धरून उचललं आणि खांद्यावर टाकलं, बायका खांग्याचं रंगीत वस्त्र टाकतात तसं. बोका घुरघुरायला लागला. "हं. आता मला काय मिळणार?"

"वितुंबुआ. पहिला घाणा."

"आणि याला?"

"त्याला... काही नाही."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी भराभर चूल पेटवली. तीन काड्या वाया गेल्या. पावसाने, असं त्याला वाटलं असावं.

त्याचं नाव मकामे. पेम्बा बेटावरचा सुतार. किनाऱ्यावर एक जुनं गलबत दुरुस्तीला आलं होतं, त्यासाठी आलेला. काम संपलं की परत जाणार. हे सगळं त्याने दुसऱ्या घाण्यापर्यंत सांगून टाकलं.

बोक्याचं नाव हलुआ. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बी नुनू आजींचा तो. मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा त्यांना दार-ए-सलामला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं, हलुआ राहिला. मग तो चार दिवस कुठेतरी गायब झाला, आणि परत आला तो असा फाटका कान घेऊन. कुणाशी भांडला, काय चावलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीतली सगळी घरं त्याला माशाची डोकी टाकायची. पण बसायला त्याने ओटा निवडला तो माझा.

"घ्या की घरात," मकामे रोज म्हणायचा.

"नको."

"घरात उंदीर नाहीत?"

"आहेत. चांगले आहेत. त्रास देत नाहीत."

"आणि मी? मी त्रास देतो?"

"तुम्ही आप्पे खाता. उंदरांपेक्षा जास्त."

तो हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची, आणि मी कढईत बघत राहायचे. तेलात बघायला काय असतं? काहीच नाही. पण मी बघायचे.

हलुआ आमच्या दोघांच्या मध्ये बसायचा. त्याचं शेपूट माझ्या पदराजवळ आलं, की मी पदर ओढून घ्यायचे. मकामेच्या ते लक्षात यायचं. विचारायचा मात्र नाही.

मग एका मंगळवारी गावातून भोंग्याची गाडी फिरली. खाजणापलीकडच्या वाडीत एका पिसाळलेल्या कुत्र्याने दोघांना चावे घेतले होते. ज्यांनी जनावरं पाळली असतील त्यांनी ती घरात ठेवावीत, पुढे सुई टोचायला डॉक्टर येतील. मोकाट सापडतील ती मारली जातील.

भोंगा दूर गेला तोवर माझा घाणा करपला होता.

संध्याकाळी मकामे आला. या वेळी तो हसत नव्हता.

"सौमू, त्याला घरात घ्या. मी घेतला असता, पण आम्ही सातजण उघड्या शाकारलेल्या छपराखाली झोपतो. तिथे ना दार, ना भिंत."

"गल्लीत दुसरी घरं आहेत."

"तो तुमच्या दारात बसतो."

"मी बोलावलं नव्हतं त्याला!"

"बोलावल्यावरच यायचं असतं का सगळ्यांनी?" तो हळूच म्हणाला. "...मांजराला घाबरता तुम्ही?"

मी चूल विझवली. पातेलं उचललं, आत गेले, आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर हलुआ एकदाच म्यांव म्हणाला.

आई आतल्या चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा फुंकणी उचलली. आमच्या घरात अठरा वर्षं कुठलंही जनावर आलं नव्हतं, आणि ते का, हे आम्ही दोघी कधीच बोलत नव्हतो.

गुरुवारी दुपारी ते लोक आले. दोघे होते, हातात काठ्या आणि तारेचे फास. गल्लीतली बायामाणसं दारात आली. हलुआ ओट्यावर झोपला होता. आरडाओरडा ऐकून तो उठला, पळाला, कुंपणाच्या कोपऱ्यात अडकला. पाठीची कमान, डोळे काळेभोर. एकाने फास पुढे केला...

मकामे कुठून आला मला दिसलंच नाही. जेवायच्या सुट्टीत गल्लीत येत असेल. तो मधे घुसला आणि त्याने हलुआला दोन्ही हातांनी उचललं. बिचारा बोका, त्याला काय कळणार कोण मारणारा आणि कोण वाचवणारा? त्याने मान वळवली आणि दात रोवले.

मकामेने तोंडातून आवाज काढला नाही. त्याने हलुआला सदऱ्यात कोंबलं, हात मागे लपवला आणि त्या लोकांना म्हणाला, "हा पाळीव आहे. माझा आहे." ते कुरकुरत पुढच्या घराकडे वळले.

तो माझ्या ओट्याशी आला. अंगठ्याखालून रक्त ओघळत होतं.

"चावला," मी म्हटलं.

"श्श... कुणाला सांगू नका. कळलं तर आत्ता इथेच ठेचतील त्याला."

कुणाला सांगू नको.

हे शब्द मी आधी ऐकले होते. मी सात वर्षांची होते, आणि माझी बहीण सुबीरा दहाची. किनाऱ्यावर सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू तिने झावळ्यांमागे लपवलं होतं. ते तिला चावलं. 'कुणाला सांगू नको हं सौमू, आई मारेल.' मी नाही सांगितलं. जखम भरली. महिन्याभराने सुबीरा पाण्याचा पेला बघून किंचाळायला लागली.

"चावला!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने की काठीवाले मागे वळले, आई बाहेर धावली, शेजारच्या छपरावरचे कावळे उडाले. "याला चावला! साबण आणा! पाणी आणा!"

"सौमू..." मकामे माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याचा विश्वासघात केला होता.

बघू दे. मी त्याचा हात धरला आणि नळाखाली ओढला. आमच्या गल्लीत मुलीने परक्या पुरुषाचा हात भर दुपारी धरायची पद्धत नाही. मी धरला, आणि पाव तास सोडला नाही. साबण, पाणी, पुन्हा साबण. तो "पुरे" म्हणाला की मी "गप्प" म्हणायचे.

काठीवाले हलुआला मारायला परत आले, पण तेवढ्यात कुणीतरी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं होतं. डॉक्टर कानिकी म्हणजे सडपातळ म्हातारे, सायकलवर फिरणारे.

"मारू नका," ते म्हणाले. "मेलेलं मांजर मला काही सांगणार नाही, जिवंत मांजर सांगेल. दहा दिवस कोंडून ठेवा. दहा दिवसांनी धडधाकट राहिलं, तर या चाव्यातून काही आलेलं नाही. आजारी पडलं, तर मला लगेच कळवा."

त्याच संध्याकाळी दवाखान्यात मकामेला पहिली सुई मिळाली. पुढच्या टांगा शहराहून यायच्या होत्या, आणि पावसाने टांगाचा रस्ता वाहून गेला होता. कधी येतील, कुणी सांगेना.

पण आधी, गल्लीतच, डॉक्टरांनी विचारलं, "कोंडायचा कुठे?"

गल्ली जमिनीकडे बघायला लागली. मकामेच्या सदऱ्याच्या आत हलुआ थरथरत होता. मी आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"आमच्याकडे," मी म्हटलं. "लाकडाच्या खोलीला कडी आहे."

ते परत घ्यावेसे वाटले. शब्द मात्र निघून गेले होते.

पहिले दोन दिवस मी त्या खोलीचं दार बोटभरच उघडायचे आणि ताटली काठीने आत सरकवायचे. हलुआ यायचा, खायचा, माझ्याकडे बघायचा. मी त्याचे डोळे बघायचे. लाल आहेत का? चाल वाकडी आहे का? आवाज बदललाय का? रोज सकाळी कडी काढण्याआधी मी दाराला कान लावायचे. आतून काही ऐकू आलं नाही तरी भीती, आणि ऐकू आलं तरी भीती.

मावळतीला मकामे यायचा. खोलीला गल्लीच्या बाजूने जाळीची खिडकी होती. तो बाहेर, मी शेजारीच अंगणाच्या कोपऱ्यावर, आणि आई दारात तांदूळ निवडत. तांदूळ कधीच निवडून झालेले असायचे.

"कसा आहे?"

"जेवला. दूध प्यायला."

"तो नव्हे. तुम्ही."

"...मीही जेवले."

"दूध?"

"जास्त बोलू नका. हे घ्या." मी पाण्याचा पेला पुढे करायचे. "प्या."

"मला तहान नाही."

"प्या म्हटलं ना."

तो प्यायचा. मी त्याचा गळा बघत राहायचे, एकेक घोट खाली उतरेपर्यंत. पेला रिकामा झाला की मग माझा श्वास सुटायचा. तिसऱ्या दिवशी त्याने पेला उलटा करून दाखवला. चौथ्या दिवशी म्हणाला, "पेम्बाला बायका पाहुण्याला सरबत देतात. आणि अशा टक लावून बघत नाहीत."

"मग जा पेम्बाला."

"गलबत अजून गळतंय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "...मी फार घाई करत नाहीये, खरं तर."

पाचव्या दिवशी आई शेजारी गेली होती. पाऊस धरला होता, पडत नव्हता. मी त्याला सुबीराची गोष्ट सांगितली. पिल्लू, झावळ्या, आणि मी पाळलेलं गुपित. अठरा वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं ते, तुकड्यातुकड्याने. शेवटी मी म्हटलं, "मी बोलले असते, तर..."

त्याने पेला उचलला, पाणी प्यायला. फार सावकाश, माझ्याकडे बघत, थेंबही न सांडता. मग म्हणाला, "मी रागावलो होतो तुझ्यावर त्या दिवशी. मूर्ख होतो."

तुझ्यावर. तुमच्यावर नव्हे. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"सुयांचं काय झालं?" मी घाईने विचारलं.

"रस्ता होतोय म्हणतात." त्याने जाळीवर हात टेकवला, पट्टी बांधलेला. "सौमू, एक सांगू? दिवसा करवत चालते तोवर बरं असतं. करवत थांबली की... मलाही भीती वाटते."

मी मागे वळले तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. मकामे सलाम करून निघून गेला.

"आई, मला माहीत होतं," मी म्हटलं. "सुबीराला चावलेलं."

आईने उंबऱ्याचा आधार घेतला. "तू सात वर्षांची होतीस," ती म्हणाली. "मी मोठी होते. रोज तिचे केस विंचरत होते. तिचा हात मी कसा नाही पाहिला?"

आम्ही दोघी तिथेच बसलो. आत हलुआ दाराला अंग घासत होता.

आठव्या सकाळी मी दाराला कान लावला. काहीच नाही. कडी काढली. कालची ताटली तशीच भरलेली. हलुआ लाकडांमागे कोपऱ्यात, तोंड अर्धवट उघडं, आणि हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती.

मी दार लावलं. कडी घातली. हात कडीवरून निघेना.

"आई," मी हाक मारली. "आई... लाळ."

आई डॉक्टरांकडे धावली. मी तिथेच उभी होते. डोळ्यांसमोर एकच होतं. पाण्याचा पेला, आणि तो बघून किंचाळणारा मकामे. बातमी किनाऱ्यावर कशी पोचली कळलं नाही, पण डॉक्टरांच्या सायकलपाठोपाठ तो धावतच आला. त्याने काही विचारलं नाही. माझा चेहरा पाहिला, आणि अंगणाच्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

डॉक्टर कानिकींनी जाळीतून बराच वेळ पाहिलं. "तोंड उघडून बघायला हवं," ते म्हणाले. "मी जाड हातमोजे घालतो. कुणीतरी त्याला पोत्यात घट्ट धरायला हवं. अंग पोत्यात, डोकं बाहेर."

मकामे उठला.

"तुम्ही नाही," मी म्हटलं.

"मला आधीच चावलाय. आणखी काय..."

"बसा म्हटलं ना!"

डॉक्टरांच्या पिशवीत हातमोज्यांची आणखी एक जोडी होती, कोपरापर्यंत येणारी. मी ती चढवली. दोन पोती एकात एक घातली. आई म्हणाली, "सौमू..." आणि तिने माझे हातमोजे कोपरापर्यंत नीट वर ओढले.

आत अंधार होता, लाकडाचा ओला वास होता. हलुआ पळाला नाही. मी पोतं त्याच्यावर टाकलं, गुंडाळलं, छातीशी आवळून धरलं. पोत्यातून त्याचं काळीज लागत होतं, माझ्यासारखंच धावत. किती हलका होता तो! इतके दिवस मी ज्याला घाबरत होते, तो एवढासाच होता.

डॉक्टरांनी हातात चिमटा घेतला, जबडा वर केला, टॉर्च धरला. "हलू नका," ते म्हणाले. मी श्वाससुद्धा घेत नव्हते.

कट्. काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

"हं," डॉक्टर म्हणाले आणि चिमटा उजेडात धरला. माशाचा काटा होता. बोटाएवढा, वाकडा, टाळूत आडवा रुतून बसलेला. "याने तोंड मिटणार कसं? लाळ गळणारच."

"म्हणजे..."

"म्हणजे पोरी, मांजराला देताना मोठे काटे काढून देत जा."

मी तिथेच लाकडांवर बसले आणि रडायला लागले. हलुआने पोत्यातून डोकं वर केलं आणि माझ्या हनुवटीला एक ढुशी दिली. मी त्याला दूर लोटलं नाही.

बाहेर आले तेव्हा मकामे उभा होता. त्याचेही डोळे ओले होते, आणि तो आभाळाकडे बोट दाखवत होता, जणू पावसानेच भिजवले. पाऊस तर पडतच नव्हता.

दुपारी हलुआने अख्खा बांगडा खाल्ला. काटे आईने काढले.

नवव्या दिवशी टांगाचा रस्ता सुरू झाला आणि मकामेला पुढची सुई मिळाली. उशीर झाला होता, पण दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, बोका उद्याही असाच राहिला तर काळजी नको. ती रात्र आम्ही सगळ्यांनी कशी काढली ते विचारू नका.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. हलुआला खोलीभर चालवलं, डोळे पाहिले, दात पाहिले. "धडधाकट," ते म्हणाले. एवढा एकच शब्द. गल्लीतल्या बायकांनी लांब, थरथरत्या आवाजात आनंदाची आरोळी ठोकली, लग्नात ठोकतात तशी, आणि मकामेने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग डॉक्टरांनी हलुआला सुई टोचली आणि मांडीवर वही उघडली. "आता हा मोकाट राहिला नाही पाहिजे. कुणाचा लिहू? मालकाचं नाव?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गलबत तयार होतं. परवाच्या मोठ्या भरतीला ते पाण्यात जाणार, आणि त्याच्याबरोबर मकामे पेम्बाला. हे मला काल कळलं होतं, त्याच्याकडून नव्हे, मासेवालीकडून. बोका आज बरा होता. उद्या? परवा? ज्याला घरात घ्यावं त्याच्या जिवाची रोज भीती बाळगायची; तो बाहेर गेला की परत येईपर्यंत दाराला कान लावायचा. मला ते जमणार होतं का? एका बोक्यासाठी? की...

"सौमू बिंती हमादी," मी वडिलांच्या नावासकट सांगितलं. "लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं.

"डॉक्टर," मकामे खाकरला. भुसा भरलेले केस, पट्टीचा हात, आणि आवाज असा, जणू मुशीच्या तेलात बुडवून काढलाय. "त्या रकान्यात... दोन नावं बसतात का?"

गल्लीतल्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं.

डॉक्टर कानिकींनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसतात," ते म्हणाले. "दोघं एकाच घरात राहत असतील तर."

"मी सध्या राहत नाही," मकामे म्हणाला. तो बोलत डॉक्टरांशी होता, बघत माझ्याकडे. "पेम्बाला माझी आत्या आहे. ती मागणीचं पत्र घेऊन येईल, हा महिना संपायच्या आत. म्हणजे... सौमू नको म्हणाली नाही तर."

"तुम्ही समुद्रावरून जाणार," मी म्हटलं. "गलबत जुनं आहे. वारे फिरलेत. मला भीती वाटते."

"मी दुरुस्त केलंय ते."

"तरी वाटते. तुम्ही परत आलात तरी वाटेल. रोज वाटेल."

"म्हणजे... नको?"

आत आईने तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. हलुआ उठला, अंग ताणलं, आणि माझ्या पायावर येऊन बसला. जड, उबदार. मी पाय हलवला नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्या नावापुढे थोडी जागा सोडा."

"किती?"

मी मकामेकडे पाहिलं. गालावर ती खळी हळूहळू उमटत होती.

"विचारा त्यांनाच," मी म्हटलं. "पूर्ण नाव मला अजून त्यांनी सांगितलेलं नाही."